जन्माची नोंद महापालिकेची, मधली पाच वर्षं कुणाची?

(फेब्रुवारी 2026 मध्ये कल्याण येथे झालेल्या कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे बालकुपोषण आणि राजकीय इच्छाशक्ती. 'इच्छाशक्ती' हा शब्द मला फारसा आवडत नाही. राजकीय इच्छाशक्तीचा अभाव आहे असं म्हणून टाळ्या मिळतात आणि सगळे घरी जातात. इच्छा नेमकी कुणाची कमी आहे, त्या माणसाचं नाव काय, तो कुठल्या कार्यालयात बसतो, आणि मत मागायला पुन्हा आपल्या गल्लीत येणार आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. आज मी तेवढंच विचारणार आहे.

ठाण्याला कुपोषण नवं नाही. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून जास्त बालकं दगावली. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. देशभर बातमी गेली, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक तिथे जाऊन आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं 'ठाणे जिल्हा' म्हटलं की सरकारी कागदांत कुपोषण हा शब्द सोबत यायचा. मग 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी पलीकडे गेले, आणि लोकांच्या बोलण्यात कुपोषणही पलीकडे गेलं. उरलेलं ठाणे म्हणजे सहा महापालिका, उड्डाणपूल, टॉवर आणि मेट्रोचे खांब. शहापूर-मुरबाडचे पाडे अजून याच जिल्ह्यात आहेत, त्यांची आठवण अधूनमधून होते. पण शहरातलं मूल उपाशी असू शकतं, ही गोष्टच कुणाच्या डोक्यात बसत नाही.

2016 मध्ये मोखाड्यात पुन्हा मुलं गेली. आदिवासी विकासमंत्री, जे पालघरचे पालकमंत्रीही होते, तिथे गेले तेव्हा संतापलेल्या लोकांनी त्यांना मृत्यूंचा आकडा सांगितला. त्यावर 'मग काय' अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडून गेले आणि राज्यभर गदारोळ झाला. व्हायलाच हवा होता. पण त्या प्रसंगाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. तिथे निदान कुणाला तरी गाठून विचारता आलं. पालकमंत्री होते, जिल्हा परिषद होती, अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत होती. कौशातलं किंवा गोविंदवाडीतलं मूल दीड वर्षाचं असताना त्याची वाढ थांबली, तर आपण कुणाला गाठणार?

उत्तर अवघड का आहे, ते राज्यघटनेच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की कळतं. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत, त्यात पंचविसावा विषय स्वच्छ शब्दांत 'महिला व बालविकास' असा आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत. रस्ते आहेत, पाणी आहे, अग्निशमन आहे, बागा आहेत, कोंडवाडे आणि कत्तलखाने आहेत. महिला व बालविकास नाही. दुर्बल घटकांचं हित आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, पण ओढूनताणून अर्थ काढावा लागतो. त्यामुळे शहरातली अंगणवाडी राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या नागरी प्रकल्पाकडून चालते. तिथे बालविकास प्रकल्प अधिकारी असतात, त्यांच्या वर आयुक्तालय, त्याच्या वर मंत्रालय. महापालिका म्हणते, आमचा विभाग नाही. नगरसेवक म्हणतो, माझ्या हातात नाही. आमदाराला गटाराचं काम दाखवता येतं, मुलाची उंची दाखवता येत नाही.

गंमत बघा. त्याच बाराव्या अनुसूचीत जन्म-मृत्यू नोंदणी आहे. म्हणजे मूल जन्मलं की महापालिका दाखला देते, आणि मेलं तरी दाखला देते. मधली पाच वर्षं कुणाच्या खात्यावर?

आता जरा मुलांकडे येऊ. कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हाडं दिसणारं मूल येतं. तसं मूल शहरातही सापडतं. अंगणवाडी सेविका भुजपट्टीने दंडाचा घेर मोजते, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. पण आपल्या वस्त्यांतलं नेहमीचं कुपोषण दिसत नाही. मूल हसतं, खेळतं, कुरकुरे खातं, फक्त त्याची उंची वयाच्या मानाने मागे राहते. दोन वर्षांचा मुलगा साधारण 87 सेंटिमीटर असावा. 81 च्या खाली असेल तर त्याची वाढ खुंटली आहे, त्याला खुजेपणा म्हणतात. एकदा आमच्या बहिणी कौशाच्या एका गल्लीत मुलांची उंची मोजत होत्या. एका आईला सांगितलं की मूल मागे पडलंय, तर ती म्हणाली, "कुछ नहीं हुआ उसको, इधर सब बच्चे ऐसेच हैं." तिचं खरंच होतं. गल्लीतली सगळीच मुलं त्याच उंचीची असली तर कमी कोण, हे कळणार कसं? जी गोष्ट आईला दिसत नाही, तिच्यासाठी ती नगरसेवकाकडे कशाला जाईल?

राज्याचा आकडा ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2005-06 ला महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 46 टक्के मुलं खुजी होती. 2015-16 ला ते 34.4 टक्क्यांवर आलं. 2019-21 ला 35.2. म्हणजे आधी दहा वर्षांत मोठी उतरण, आणि मग गाडी जागच्या जागी. लुकडी मुलं दोन्ही वेळा 25.6 टक्के, आणि त्यातली अतितीव्र 9.4 वरून 10.9 वर गेली. देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एकाचे हे आकडे आहेत.

ती उतरण कशी झाली, ते समजून घेण्यासारखं आहे. औरंगाबाद विभागात व्ही. रमणी या सनदी अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. सुरुवातीच्या आदिवासी जिल्ह्यांत ठाणेही होतं. मिशनकडे पैसा फारसा नव्हता. त्यांनी धरलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. प्रत्येक मुलाचं वजन करा आणि खरा आकडा लिहा. तोवर काय व्हायचं? तीव्र कुपोषित मूल दाखवलं की सेविकेला नोटीस, म्हणून मूल कागदावर 'साधारण' व्हायचं. मिशनने सांगितलं, आकडा वाढला तरी चालेल, लपवला तर नाही चालणार. मग पहिल्या हजार दिवसांवर लक्ष, म्हणजे गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत. 2012 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्यात पाहणी केली, तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा सात वर्षांपूर्वीच्या 39 टक्क्यांवरून पंचविशीच्या आत आलेला दिसला. सगळं श्रेय मिशनचं नाही. मुलींची लग्नं उशिरा झाली, शिक्षण वाढलं, घरची मिळकत वाढली. पण वरच्या खुर्चीवरचा माणूस दर महिन्याला आकडा विचारतो म्हटल्यावर खालची यंत्रणा हलते, एवढं तर दिसलं. अधिकारी बदलले, विचारणं थंडावलं. माझं मत असं की अधिकाऱ्याच्या भल्या स्वभावावर उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीच्या आदेशासोबत निघून जातं. विचारणारा मतदार असला, तर त्याची बदली होत नाही.

हे मी मनाने सांगत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात 2006 मध्ये अध्यक्षीय निवडणूक होती. तिथल्या सामाजिक संस्था एकत्र आल्या आणि दहा उमेदवारांकडून एका वाक्यावर सही घेतली. पाच वर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा पाच टक्के-बिंदूंनी कमी करू. पाच, पाच, पाच. लक्षात राहायला सोपं. आलान गार्सिया निवडून आले आणि त्यांनी ते लक्ष्य नऊवर नेलं. पुढचं सरकार दुसऱ्या पक्षाचं आलं, तरी आकडा सुटला नाही. 2008 च्या सुमारास 28 टक्के असलेला खुजेपणा 2016 ला 13 टक्क्यांवर होता. तिथेही आयांना आधी हे दिसत नव्हतं. मग मुलाची उंची वयाला किती हवी, हे दाखवणारा एक व्हिडिओ गावोगाव दाखवला गेला. आणि पैसा जिल्ह्यांना निकालावर मिळू लागला.

कुणी म्हणेल, पेरूचं पेरूत, आपली यंत्रणा ढिली. ढिली? जून 2024 मध्ये अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्यात दीड हजाराचे हप्ते खात्यांत पडायला लागले. अर्ज कुणी भरले? याच अंगणवाडी सेविकांनी, अर्जामागे 50 रुपयांवर. मी त्या योजनेच्या विरोधात बोलत नाही. इथे बसलेल्या कितीतरी बहिणींच्या घरी त्या पैशांतून दूध येतं, मला माहीत आहे. मी एवढंच म्हणतो की सरकारला मनापासून एखादी गोष्ट हवी असली की याच वस्तीतल्या, याच अंगणवाडीतून, ती दीड-दोन महिन्यांत होते. बहिणीला मत आहे. दीड वर्षाच्या मुलाला नाही.

आता उलट चित्र. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या. 52 दिवस संप चालला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या. पण त्या 52 दिवसांत आमच्या मुलांचं गरम जेवण कुठे गेलं, असं विचारायला मुंब्र्यात किंवा कल्याणात कुणाच्या दारात गर्दी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि दार तरी कुणाचं? कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर 2020 मध्येच संपली होती, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. दोन्हीकडे प्रशासक. कल्याण-डोंबिवलीत जे मूल 2020 च्या डिसेंबरात जन्मलं, त्याची पहिली पाच वर्षं एकाही नगरसेवकाशिवाय गेली.

या जानेवारीत मतदान झालं. आता कल्याण-डोंबिवलीत 122 आणि ठाण्यात 131 नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांना एकच काम असलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे आपण पाण्याच्या बाबतीत अनुभवतोच. म्हणून चौघांकडेही एकाच दिवशी, एकच कागद घेऊन जायचं.

कागदावर काय लिहायचं? ते म्हणतील, अंगणवाडी आमचा विषय नाही. तेव्हा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 काढायचा. कलम 5 प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे. कलम 6 प्रमाणे कुपोषित मूल शोधून त्याला आहार देणं सरकारवर बंधनकारक आहे. 2013 च्या मूळ अनुसूचीत मापही दिलं होतं, साधारण मुलाला 500 कॅलरी, कुपोषिताला 800 कॅलरी आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते कलम 25. आपापल्या क्षेत्रात या कायद्याची नीट अंमलबजावणी होते की नाही याला स्थानिक प्राधिकरण जबाबदार आहे, असं ते कलम सांगतं, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे नगरपालिका-महापालिका स्थानिक प्राधिकरणात येतात. कलम 28 सामाजिक लेखापरीक्षणाचं, तेही स्थानिक प्राधिकरणाकडे बोट दाखवतं आणि निष्कर्ष जाहीर करायला सांगतं. घटनेच्या यादीत जागा राहिली असेल, कायद्यात राहिलेली नाही. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते, तिच्यासाठी निधी राखून ठेवलेला असतो. तो शिलाई मशीन आणि प्रशिक्षण वर्गांत जातो. शिलाई मशीन वाईट नाही, पण त्यातला एक रुपया वाढ खुंटलेल्या मुलापर्यंत पोचला का, हे विचारायला नको?

दुसरा कागद माहिती अधिकाराचा. दहा रुपयांचा अर्ज. अंगणवाडीनिहाय विचारायचं: पटावर मुलं किती, मागच्या महिन्यात वजन-उंची किती जणांची झाली, सॅम-मॅम किती, गरम आहार किती दिवस दिला. नियम वर्षाला 300 दिवसांचा आहे. पोषण ट्रॅकर ॲपवर सेविका हे सगळं रोज भरते, पण त्याची मांडणी प्रकल्प आणि बीटनुसार असते, प्रभागानुसार नाही. ती जोडणी आपण करायची. प्रभाग क्रमांक, त्याखाली अंगणवाड्या, त्यांच्यापुढे आकडे, आणि वर चार नगरसेवकांची नावं. एक पान. सेविकेला मात्र आधी भेटा आणि सांगा की हा कागद तुमच्याविरुद्ध नाही. आकडा वाईट आला म्हणून तिच्यावर राग निघाला, तर पुढच्या महिन्यात सगळी मुलं कागदावर सुदृढ होतील.

तिसरा कागद जिथे अंगणवाडीच नाही तिथला. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 13 डिसेंबर 2006 ला आदेश दिला होता की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या रहिवाशांनी मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. त्यात झोपडपट्टीचा उल्लेख आहे. पुढे केंद्राने मंजूर केलेल्या 14 लाख अंगणवाड्यांत 20 हजार 'मागणीनुसार' म्हणून धरल्या होत्या. खटला नंतर बंद झाला, पण 40 मुलांची यादी हातात असलेला माणूस आणि नुसती तक्रार घेऊन आलेला माणूस यांच्यात अधिकारी फरक करतोच. मुंब्रा-कौशात 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून आलेली कुटुंबं वसली, मग आणखी आली, इमारतीवर इमारत चढली. शेवटची जनगणना 2011 ची. मुलं पुढे गेली, मोजणी मागे राहिली.

रेशनचंही तेच. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59 हजार ठरली. महिन्याला पाच हजारांच्या आत. मुंब्र्यात एका खोलीचं भाडं किती आहे, तुम्हीच सांगा.

थोडं आपल्याविषयी, आणि हे काहींना आवडणार नाही. पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम 2006 मध्ये अल्पसंख्याकांसाठी आला. त्याचं पहिलं कलम शिष्यवृत्तीचं नाही, कर्जाचंही नाही. ते अंगणवाडीचं आहे. अल्पसंख्याक वस्त्यांना बालविकास सेवांचा न्याय्य वाटा मिळावा, असं. वीस वर्षं झाली. आपण किती मोर्चे काढले, किती निवेदनं दिली, त्यात हे पहिलं कलम कितीदा होतं? आठवून बघा.

काही दिवसांत रमजान सुरू होतोय. रेशन किट वाटली जातील, सगळ्या पक्षांच्या बॅनरखाली. वाटा, जरूर वाटा. पण किटमधलं पीठ-तेल-साखर महिनाभर मोठ्यांच्या ताटात जातं. आठ महिन्यांच्या बाळाला वरचं खाणं कधी आणि काय सुरू करायचं, हे किट सांगत नाही. आणि किट देणाऱ्याला आपण 'शुक्रिया' म्हणतो, हिशोब विचारत नाही. अंगणवाडीचा आहार हक्क आहे, तिथे विचारता येतं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण टोमणे आपण रोज ऐकतो. भारतात मुस्लिम घरांतली बाळं गरिबीच्या मानाने जास्त जगतात, असं अभ्यासकांना दिसलं आहे. मायकेल जेरुसो आणि डीन स्पीअर्स या अर्थतज्ज्ञांनी त्याचं एक मोठं कारण शोधलं, ते म्हणजे संडास. शेजारीपाजारी उघड्यावर बसणारे कमी, म्हणून जुलाब कमी. त्याचा फायदा शेजारच्या हिंदू मुलांनाही होतो. म्हणून गटार आणि पाण्याचा मुद्दाही आपल्या पानावर हवा. जुलाब होत राहिले तर ताटातलं अंगाला लागत नाही. जगणं ही पहिली पायरी झाली, वाढणं पुढची.

आहारात काय द्यायचं यावरही राजकारण होतं. शाळेच्या जेवणातल्या अंड्यासाठीचा निधी राज्याने जानेवारी 2025 मध्ये काढून घेतला. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत लहान मुलांना अंडी-केळी मिळतात. योजनेला कलाम साहेबांचं नाव आहे, पण ती राबोडीत नाही. अंगणवाडीतल्या मुलामागे रोज आठ रुपये हा दर 2017 साली ठरलेला. आठ रुपयांत कटिंग चहा मिळतो का बघा. आणि घरी नेण्याच्या पाकिटांचं म्हणाल, तर कंत्राटदार नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगूनही 2019 मध्ये 6,300 कोटींची निविदा त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. हे प्रश्न नगरसेवकाचे नाहीत, विधानसभेचे आणि संसदेचे आहेत. कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे स्वतः डॉक्टर आहेत, मुंब्रा त्यांच्याच मतदारसंघात येतं. मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड विरोधी बाकावर आहेत. एक सत्तेत, एक विरोधात, दोघांनाही तोच कागद द्या. सभागृहात प्रश्न कुणी विचारला आणि कधी, ते पुढच्या मेळाव्यात वाचून दाखवू.

वेळ संपत आलाय, कामाचं बोलतो. बल्याणीच्या बहिणींनी सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करायला घेतली आहे, ती रमजानच्या आधी पूर्ण व्हावी. गोविंदवाडी आणि दूधनाक्याने माहिती अधिकाराचे अर्ज घ्यावेत, राबोडी-मुंब्र्याने कलम 25 चं पत्र. नगरसेवकांकडून मोठी वचनं मागू नका. प्रभागातल्या सगळ्या मुलांची वजन-उंची दर तीन महिन्यांनी जाहीर करायला लावीन, एवढ्या एका ओळीवर सही घ्या. जो सही करणार नाही त्याचं नाव त्याच पानावर लिहा, शिवी न देता. अर्जांचे नमुने मागच्या टेबलावर आहेत, मराठीत. ज्यांना लिहायला अडचण असेल त्यांनी चहानंतर थांबा, आपण इथेच बसून भरू.